लग्नाविना संसार आणि पदरात लेकरू : मराठवाड्यातल्या जोडप्यांनी कोणते कागद कधी करावेत

लग्न न करता एकत्र राहणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळूजच्या कंपनीत कामाला असलेली, बजाजनगरात रूम घेऊन राहणारी तरुण जोडी येते. अशी जोडपी आहेतच. पण मराठवाड्यातल्या गावांमध्ये जरा डोकावलं की वेगळीच माणसं भेटतात. नवऱ्याने टाकलेली आणि कोर्टाची पायरी न चढता दुसरं घर केलेली बाई. बायको माहेरी निघून गेल्यावर दुसरीसोबत राहणारा गडी. ऊसतोडीच्या टोळीत एका कोयत्यावर, म्हणजे जोडीने, गेलेले दोघं. जातीपायी घरच्यांनी अडवलं म्हणून परभणी-हिंगोलीकडून संभाजीनगरला आलेली पोरं. यांच्यातलं कुणी स्वतःला ‘लिव्ह-इन’ म्हणवून घेत नाही, पण दवाखान्यात, शाळेत, तलाठ्याकडे अडचणी सगळ्यांच्या सारख्याच येतात.

कायद्याने लेकराला बऱ्यापैकी सांभाळून घेतलंय, बाईला अर्धंमुर्धं, आणि दोघांच्या एकमेकांवरच्या हक्काबाबत जवळपास हात वर केलेत. लग्नाने जे आपोआप होतं ते इथे एकेक करून स्वतः करावं लागतं, आणि तेही बोलणं-चालणं गोड असतानाच. भांडण झाल्यावर सही कुणी देत नाही.

आधी मागचं मोकळं करा

दोन सज्ञान माणसांनी लग्नाविना एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट सांगितलंय. मुलगा १८ पूर्ण पण २१ च्या आत असेल तर लग्न लागू शकत नाही, तरी सोबत राहता येतं, असं याच न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं. मुलगी १८ च्या आतली असेल तर मात्र पुढचं काही वाचू नका. तिची संमती कायदा धरत नाही, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो, आणि दोन्हीकडच्यांनी मिळून हळद लावली असली तरी लागतो. बीड-जालन्याकडे हे वेगळं सांगायला नको.

उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून अशा नात्याची नोंदणी सक्तीची झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर तो नियम आपल्याकडचा म्हणून फिरत असतो. महाराष्ट्रात अशी नोंदणी नाही. त्यामुळे ‘लिव्ह-इनचं सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

खरी गोम जुन्या लग्नात असते. आपल्याकडे काडीमोड पंचांसमोर होतो, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहिली जाते, नोटरीचा शिक्का बसतो आणि दोन्ही बाजू सुटलो म्हणून घरी जातात. कायद्याच्या नजरेत ते लग्न बहुतेक वेळा शाबूत असतं. जातीची तशी रूढी जुनी आणि चालत आलेली आहे हे कोर्टात सिद्ध करता आलं तरच अशी फारकत टिकते, आणि ते सिद्ध करणं सोपं नाही. जुनं लग्न शाबूत असताना नुसतं सोबत राहिल्याने जेल होत नाही. व्यभिचाराचं कलम २०१८ साली गेलं. पण त्या अवस्थेत दुसरं लग्न लावलंत, मंदिरात का होईना विधी केलेत, तर द्विविवाहाचा गुन्हा होऊ शकतो.

त्याहून मोठी अडचण लेकराची. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ प्रमाणे लग्न टिकून असताना बाईला झालेलं मूल हे तिच्या नवऱ्याचंच मानलं जातं. नवरा सहा वर्षांपासून पुण्यात आहे, तोंड बघितलं नाही, हे आपल्याला माहीत; कायदा मात्र नवरा-बायकोचा त्या काळात संबंध येणंच शक्य नव्हतं याचा पुरावा मागतो. तो नसेल तर डीएनए चाचणीसुद्धा सहजी मिळत नाही. जानेवारी २०२५ मधल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा पक्की केली. म्हणजे टाकलेल्या बाईने दुसरं घर केलं, लेकरू झालं, तर कागदावर बाप म्हणून पहिलाच नवरा उभा राहू शकतो.

म्हणून पहिलं काम घटस्फोटाचं. दोघं राजी असतील तर परस्पर संमतीचा अर्ज करा. सहा महिन्यांची मधली मुदत कोर्ट माफ करू शकतं. समोरचा सापडतच नसेल तर परित्याग केल्याच्या कारणावर एकतर्फी अर्ज होतो. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. हेल्पलाइन १५१००.

आणि ज्यांचं मागचं काही नाही, लग्नाला नाही म्हणायचंही कारण नाही, फक्त घरच्यांची भीती आहे, त्यांनी विशेष विवाह कायद्याचा रस्ता एकदा बघून घ्यावा. नोटिशीचे ३० दिवस जातात. पुढचे निम्मे उपद्व्याप त्याने वाचतात, हे माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना विचार करूनच लग्न नकोय त्यांच्यासाठी पुढचं.

छप्पर

घरमालकाला ‘आम्ही नवरा-बायको’ असं सांगून रूम घेणं हा सर्रास मार्ग आहे. मी तो सुचवणार नाही. त्यातून खोटा कागद तयार होतो आणि पुढे तोच तुमच्यावर उलटतो. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा भाडेकरारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. करारात भाडेकरू म्हणून दोघांचीही नावं टाका, नात्याचा रकाना रिकामा राहू द्या. ‘ओन्ली फॅमिली’ची पाटी लावणारे नकार देतील. मग दुसरं घर बघायचं, दुसरा इलाज नाही. पण दोघांच्या नावाचा तो नोंदलेला करार पुढे फार कामाला येतो. बाईला घराबाहेर काढलं तर ‘मी इथे राहत होते’ याचा तोच पहिला पुरावा.

घरच्यांकडून मारझोडीची भीती असेल तर आल्या दिवशीच पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे दोघांच्या सहीचा अर्ज देऊन पोच घ्या. आम्ही सज्ञान आहोत, स्वखुशीने राहतो, अमक्यांपासून धोका आहे, एवढं पुरे. सोबत वयाचे दाखले जोडा. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. अर्जात त्याचा उल्लेख करा. मुलगी हरवल्याची तक्रार घरच्यांनी दिली तरी हा अर्ज आधी पोचलेला असला की ठाण्यात तुमचं बोलणं ऐकून घेतात.

गावात राहायचं असेल तर जातपंचायत किंवा गावकी वाळीत टाकू शकते. दळण बंद, पाणवठा बंद, मयतीला कुणी नाही. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रार पोलिसांत करता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडेही.

दोघांमधला कागद

नोटरीकडे केलेल्या ‘मैत्री करारा’ने लग्न होत नाही, वारसाही मिळत नाही. तरी खर्च कोण किती करतो, सोनं-नाणं-गाडी कुणाच्या पैशाची, डिपॉझिट कुणाचं, एवढं लिहून ठेवणारा साधा करार जरूर करा. मोटारसायकल त्याच्या नावावर आणि हप्ता तिच्या पगारातून, असली प्रकरणं घरोघर आहेत. हप्ता जिच्या खात्यातून जातो तिचंच नाव आरसीवर असू द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा हिशेब आणखी वाकडा. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, म्हणजे दोघांच्या मेहनतीवर, पण वहीत नाव आणि अंगठा गड्याचा. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, फाटाफूट झाली तर बाईच्या हाती काही लागत नाही, अन् फिटायची राहिलेली उचल मात्र तिच्याही गळ्यात पडते. उचल घेताना दोघांची नावं आणि निम्मी-निम्मी रक्कम लिहून घ्या, जमलं तर बाईचा हिस्सा तिच्या खात्यावर घ्या. मुकादम कुरकुर करील. हंगामाच्या तोंडाशी कोयते कमी पडत असताना बोलणी केली तर ऐकतो.

घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात ‘लग्नासारखं नातं’ धरलेलं आहे. मात्र ते सिद्ध करावं लागतं. दोघं लग्नाला मोकळे होते, बराच काळ एका छपराखाली राहिले, संसाराचा खर्च एकत्र होता, चारचौघांत जोडपं म्हणून वावरले, हे कोर्ट बघतं. तो आधीच लग्नाचा आहे हे ठाऊक असून राहिलेल्या बाईला या कायद्याचं छत्र मिळणं अवघड. पहिलं लग्न लपवून फसवलं असेल तर गोष्ट निराळी. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१३ मध्ये अशा बाईला पोटगी मंजूर झाली. म्हणून भाडेकरार, गॅसचं पुस्तक, संयुक्त खातं, सणासुदीचे फोटो यांच्या प्रती जपून ठेवा, आणि त्या सोबत्याच्या कपाटात ठेवू नका.

गड्यांसाठीही एक गोष्ट. लग्न करायचं मनात नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. लग्न करायचं नसेल तर ते सुरुवातीलाच स्वच्छ बोला.

दिवस गेल्यावर

मूल नको असेल तर लग्न झालेलं नाही म्हणून डॉक्टर गर्भपात नाकारू शकत नाहीत. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ आठवड्यांची मुभा काही ठराविक बायकांनाच होती, तीत अविवाहित बाईही येते, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये ठरवलं. सज्ञान बाईला तिच्या एकटीची संमती पुरते. ‘नवऱ्याची सही आणा’ हा कायदा नाही.

मूल हवं असेल तर आशाताईकडे लवकर नाव घाला, टाळाटाळ करू नका. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, आणि नवऱ्याच्या आधारची सक्ती आता नाही.

आता दवाखान्यातली एक बारीक गोष्ट, जी मी पुनःपुन्हा बघितलीय. बाई कळा देत असते, काउंटरवरची सिस्टर विचारते, ‘पेशंटचं पूर्ण नाव?’ सोबत आलेली जाऊ नाहीतर शेजारीण लाजेखातर सांगून मोकळी होते : सौ. अमुक, मध्ये सोबत्याचं नाव, शेवटी त्याचं आडनाव. केसपेपरवर ते चढतं, तिथून जन्माच्या फॉर्मवर, तिथून दाखल्यावर. बाईच्या आधारवर मात्र बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव. पाच वर्षांनी शाळेत उभी राहिल्यावर कळतं की दाखल्यावरची आई आणि समोर उभी असलेली आई या कागदावर दोन बाया आहेत. तेव्हा आठव्या महिन्यातच आधारची झेरॉक्स पिशवीत टाका आणि नाव नोंदवताना तोंडाने न सांगता ती झेरॉक्स पुढे करा.

जन्मनोंद : इथे घाई करा

सगळ्या कागदांत हा कागद पहिला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, लायसन, पासपोर्ट अशा कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

नोंद २१ दिवसांत फुकट होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यापुढे वर्षापर्यंत लेखी परवानगी आणि स्वतः साक्षांकित केलेला कागद. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश, आणि २०२५ पासून महाराष्ट्रात अशा उशिराच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे. नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, तुमच्या गावी नाही. कारखान्यावर, कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) बाळंतपण झालं तर त्या भागातल्या ग्रामपंचायतीत नोंद करावी लागते. टोळी पुढे सरकायच्या आत ते उरका. नाहीतर धारूर-वडवणीहून सांगली-बेळगावला दाखल्यासाठी हेलपाटे पडतात.

बापाचं नाव लावायचं की नाही, हे दोघांनी बाळंतपणाआधी ठरवावं.

बाप कबूल असेल आणि आईचं आधीचं लग्न शाबूत नसेल तर नाव लावा. नोंदीच्या वेळी तो स्वतः हजर राहू दे. शिवाय दोघांच्या सहीचं शपथपत्र करा : अमुक तारखेला जन्मलेलं हे मूल आमच्या दोघांचं, आमचं लग्न झालेलं नाही, बाप म्हणून मी याला स्वीकारतो. दोन साक्षीदार, नोटरी, आणि मूळ प्रत आईकडे. या एका कागदाने पुढे पोटगीपासून जातीच्या दाखल्यापर्यंत किती वाचतं, ते हा कागद नसणाऱ्यांना विचारा.

बाप कबूल नसेल किंवा आईलाच त्याचं नाव नको असेल तर रकाना रिकामा राहू शकतो. ६ जुलै २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अविवाहित आईने शपथपत्र दिलं की जन्मदाखला द्यायचा, बापाचं नाव सांगण्याची तिच्यावर सक्ती नाही. ग्रामपंचायतीत अडवलं तर वाद न घालता अर्ज लेखी द्या, निकालाची प्रत जोडा आणि नकारही लेखी मागा. लेखी नकार द्यायची पाळी आली की बरीच कामं होऊन जातात. काहीही झालं तरी भावाचं किंवा आज्याचं नाव बापाच्या जागी टाकू नका. इज्जत झाकायला केलेली ही युक्ती दुरुस्त करायला पुढे कोर्ट लागतं.

राज्याच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि आडनाव असा क्रम आहे. एकट्या आईला हा बदल सोयीचा. तिचं नाव आता आपोआप दुसऱ्या जागी येतं.

शाळा, पासपोर्ट, आणि जात

आधार, पॅन, पासपोर्ट यांचं फार अवघड नाही. बाल आधारला जन्मदाखला आणि एका पालकाचं आधार पुरतं. पॅनवर एकट्या आईचं नाव २०१८ पासून चालतं. पासपोर्टवरही एका पालकाचं नाव पुरतं. मूल १८ च्या आत असेल तर दुसऱ्याची संमती का नाही त्याचं जोडपत्र द्यावं लागतं. शाळेत नाव घालताना जनरल रजिस्टरला काय चढतंय ते स्वतः वाचून घ्या, कारण टीसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) पुढे तेच उमटतं.

जातीचा दाखला हे खरं दुखणं. मराठवाड्यात त्याचं मोल सांगायला नको. मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांबाबतच्या २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयानंतर तर गावोगाव लोक निजामकाळातल्या खासरा पत्रकांत आजा-पणजा शोधत आहेत. दाखला आणि पडताळणी दोन्ही वंशावळीवर चालतात, आणि वंशावळ बापाकडून चढते. अनुसूचित जातीला १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१, इतर मागासवर्गाला १९६७ च्या आधीचा पुरावा बापाकडच्या रक्तनात्यातला मागतात. जन्मदाखल्यावर बाप नसेल तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

तेव्हा बाप सोबत असेल तर त्याच्या जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, त्याच्या बापाच्या शाळेचा निर्गम उतारा यांच्या साक्षांकित प्रती मूल तान्हं असतानाच काढून ठेवा. नातं बिघडल्यावर चुलते-आत्या एक झेरॉक्स देत नाहीत. बाप नसेल तर आईच्या जातीवर अर्ज करता येतो. आई-बाप वेगळ्या जातींचे असले तरी मूल आईच्या समाजात, त्याच हालअपेष्टांत वाढलं हे दाखवता आलं तर आईची जात मिळू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलंय. त्यासाठी आजोळच्या गावची शाळा, तिथला रहिवास, रेशनकार्डावर मुलाचं नाव असे पुरावे सुरुवातीपासून जमवा. बारावीनंतर कॅप राउंडच्या (कॉलेजच्या प्रवेशफेरीच्या) तोंडावर धावपळ करून हे होत नाही.

सातबारा आणि मृत्युपत्र

लग्नाविना राहणारा जोडीदार हिंदू वारसा कायद्यात वारस नाही. बौद्ध, जैन, शीख यांनाही हाच कायदा. तीस वर्षं संसार केला आणि गडी गेला, तर फेरफारात त्याची आई येईल, आणि मागची कायदेशीर बायको आणि तिची लेकरं असतील तर तीही. जन्मभर सोबत राहिलेलीचं नाव लागत नाही. दीर्घ सहवासावरून लग्न झाल्याचं गृहीत धरून कोर्टाने हक्क दिल्याचे निकाल आहेत, पण तिथवर पोचायला आयुष्याची पुंजी जाते.

लेकराचं असं : आईच्या मालमत्तेत ते सरळ वारस आहे. बापाकडे मात्र आई-बापाचं लग्नच झालेलं नसेल तर वाट खडतर आहे, वडिलोपार्जित जमिनीत तर फारच. लग्न लागलं होतं पण पहिलं लग्न शाबूत असल्याने ते रद्दबातल ठरलं, अशा संसारातल्या मुलांना बापाच्या वाट्याला येणाऱ्या हिश्शात वाटा आहे, हे १ सप्टेंबर २०२३ च्या निकालाने पक्कं झालं. मुस्लिम कायद्यात लग्नाबाहेरचं मूल बापाचं वारस होत नाही; मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंत देता येतं.

त्यामुळे बापाने मृत्युपत्र केलंच पाहिजे. त्याला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून टाका, भाऊबंदकी असलेल्या घरात तर नक्कीच. एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्साही हिंदू माणसाला मृत्युपत्राने देता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बक्षीसपत्राची गोष्ट वेगळी. मुलाला राहतं घर किंवा शेती द्यायला २०० रुपये मुद्रांक आहे, पण जोडीदाराला ती सवलत नाही.

बँकेत, विम्यात जोडीदाराला नॉमिनी केलं म्हणजे मालक केलं असं होत नाही. नॉमिनीच्या हातात पैसा येतो, वारस तो मागू शकतात. पीएफमध्ये मूल असताना जोडीदाराला नॉमिनी करता येत नाही, तिथे लेकराचंच नाव घाला.

आईनेही एक मृत्युपत्र करावं. लग्नाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक हिंदू कायद्यात आधी आई आणि तिच्यामागे बाप. आपल्यामागे लेकरू कुणी सांभाळायचं हे आई मृत्युपत्रात लिहू शकते. मावशी की आजी, नाव टाका आणि तिला विचारून टाका.

फिसकटलं तर

लेकराची पोटगी बापाला चुकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये औरस-अनौरस असा भेद नाही, धर्माचाही नाही. बाप जिथे राहतो किंवा दोघं शेवटचे जिथे एकत्र राहिले तिथल्या कोर्टात अर्ज होतो, अंतरिम रक्कमही मागता येते. बापाने मूल नाकारलं तर वर सांगितलेलं शपथपत्र बाहेर काढा. ते नसेल तर डीएनए चाचणीची मागणी करता येते.

मारहाण, घराबाहेर काढणं, पगार काढून घेणं यासाठी घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. १८१ वर फोन केला तर जिल्ह्याच्या सखी केंद्रात निवारा, दवाखाना, वकील एकाच जागी मिळतो. मूल हिसकावून नेलं तर १०९८ आणि ११२. एकट्या आईला बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपयांसाठी अर्ज करता येतो, तो जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा. पैसे उशिरा येतात, पण येतात.

बापाला मूल भेटू द्यायचं का, हा प्रश्न सगळ्यात जास्त चिघळतो. माझा सल्ला : हात उगारणारा नसेल तर भेटीचे दिवस लिहून ठरवा आणि पोटगीशी त्याची सांगड घालू नका. ‘पैसे दे मग दाखवते’ आणि ‘दाखव मग देतो’ या ओढाताणीत दोन-दोन वर्षं जातात, आणि कोर्टही दोघांनाच सुनावतं.

निघायची वेळ आलीच तर कपड्यांआधी फाइल उचला. तीत जन्मदाखल्याच्या दोन सत्यप्रती, बापाचं शपथपत्र, भाडेकरार, लसीकरणाचं कार्ड, दोघांच्या आधारच्या झेरॉक्स आणि पासबुक असावं. मूळ कागद आजच माहेरी किंवा भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवता आले तर ठेवून टाका.